त्सुजीसानांचा वाडगा

दार उघडलं तर समोर त्सुजीसान उभ्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत अडकवलेला, आणि डाव्या हातात रेशमी फडक्यात बांधलेला तो काळा लाखेचा वाडगा. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंतचं अंतर आमच्या इचलकरंजीच्या परड्याएवढंसुद्धा नव्हतं, तरी तेवढ्यात त्यांच्या टोपीवर बर्फ भुरभुरलं होतं.

“हाताला काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही, माझाच वेंधळेपणा,” असं म्हणत त्या प्लास्टरसकट कमरेत वाकल्या. “मागच्या वेळच्या तुमच्या त्या गोड तुकड्यांबद्दल फार आभारी आहे. ही अगदीच क्षुल्लक वस्तू आहे, पण घ्यावी.”

गोड तुकडे म्हणजे माझ्या शंकरपाळ्या. आणि क्षुल्लक वस्तू म्हणजे वाडग्यात एकीला दुसरीचा धक्का लागू नये अशा बेताने मांडलेल्या टपोऱ्या स्ट्रॉबेऱ्या. असल्या स्ट्रॉबेऱ्या मी दुकानात लांबूनच बघायची आणि पुढे सरकून कोबी घ्यायची.

“आत या ना, चहा घ्या,” मी म्हटलं. हे मी दर वेळी म्हणायची आणि त्या दर वेळी “आज नको, पुन्हा कधीतरी” म्हणून मागच्या पावली निघायच्या. त्या दिवशीही तसंच झालं. त्या गेल्या, मी वाडगा ओट्यावर ठेवला, आणि आता ह्यात घालून काय द्यावं याच्या विचाराला लागले.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आमचे हे, सर्जेराव पोवार, इचलकरंजीला एका कापडाच्या कारखान्यात मागांचे मिस्त्री होते. मालकांनी नवे जपानी माग घेतले आणि ते उघडायला-जोडायला शिकून यावं म्हणून ह्यांना दीड वर्षासाठी तिकडे धाडलं. कानाझावा शहराच्या अलीकडे एक लहानसं गाव होतं, तिथे आम्हाला घर मिळालं. हे सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. मी दिवसभर एकटी, बोलायला फक्त भिंती.

सुरुवातीला मी केलेल्या चुका सांगायला बसले तर जेवणवेळ टळेल. संडासातल्या सपाता पायात तशाच ठेवून मी ह्यांच्या साहेबांपुढे चहा घेऊन गेले. कचरा भलत्याच वारी बाहेर ठेवला, तर तो चिठ्ठी लावून माझ्याच दारात परत आला. एका जेवणात भाताच्या वाटीत जेवायच्या दोन्ही काड्या उभ्या खोचून ठेवल्या, तर सगळी पंगत गप्प झाली. तसा भात तिथे मेलेल्या माणसापुढे ठेवतात, हे मला नंतर कळलं. आणि कोणी रागवायचं म्हणून नाही, हीच तर पंचाईत. आमच्यात सून चुकली की सासू तोंडावर सांगते, चार घरं ऐकतील अशी सांगते. तिथे माणसं हसायची, वाकायची, आणि मला आपलं वाटायचं की छान चाललंय.

अशा गावात एकच दार माझ्यासाठी आपण होऊन उघडलं, ते त्सुजीसानांचं; तिथलं ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’ नाहीतर ‘बाई’. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात ह्या सत्तरीच्या विधवा बाई वाडगा घेऊन आल्या. आत मुळ्याचं लोणचं होतं. ते संपलं आणि मी वाडगा घासून पुसून समोर ठेवला. आता शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी, पण रिकामं भांडं हातात द्यायचं म्हणजे संबंधच नको म्हटल्यासारखं. मी बेसनाचे लाडू वळले आणि वाडगा शिगोशीग भरून नेऊन दिला.

त्याच आठवड्यात वाडगा परत आला, आत लाल घेवड्याचं गोड पुरण भरलेले मऊ गोळे. मग मी चकल्या दिल्या. मग त्यांच्याकडून उंची चहाची पुडी आली. मी करंज्या केल्या, तर वाळवलेल्या फळांची एक-एक कागदात गुंडाळलेली रास आली. मला इतकं बरं वाटायचं. परक्या मुलखात आपल्याला शेजार मिळाला, हे मी दर पत्रात आईला कळवायची. माझ्या सगळ्या दिवसात दाराची घंटा वाजली तर ती त्यांचीच असायची.

“किती दिवस चालायचं तुमचं हे?” हे मला चिडवायचे. “बघू दोघीत आधी कोण दमतंय ते.”

“शेजारधर्म आहे तो. तुम्हाला नाही कळायचा.”

“मला माग कळतो. एकदा धोटा इकडून तिकडे जायला लागला की आपण होऊन थांबत नाही बघ.”

स्ट्रॉबेऱ्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा जपानीचा वर्ग होता. नगरपालिकेच्या इमारतीत निशिदाबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका आम्हा परदेशी बायकांना शिकवायच्या. तोवर मला बऱ्यापैकी बोलता यायला लागलं होतं, त्यामुळे मी वर्ग संपल्यावर मोठ्या अभिमानाने त्यांना वाडग्याची हकिकत सांगितली, पार स्ट्रॉबेऱ्यांपर्यंत.

निशिदाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पोवारसान, हाताला कसं लागलं ते त्यांनी सांगितलं का तुम्हाला?”

“वेंधळेपणा म्हणाल्या.”

“बसथांब्यावर बर्फात घसरल्या. हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी होती. सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“मिठाई कोणासाठी?”

त्या काही बोलल्या नाहीत. तिथलं माणूस असं गप्प बसलं की उत्तर आपल्यापाशीच आहे असं समजावं, एवढं मला आता कळायला लागलं होतं.

“माझ्यासाठी?” मी विचारलं.

“हे बघा, तुमची काही चूक नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे कोणी काही दिलं की त्याची परतभेट द्यावी लागते. दिली नाही तर माणसाला चैन पडत नाही. त्यांनी लोणचं दिलं ते तुम्ही नव्याने राहायला आलात म्हणून. तुम्ही लाडू दिलेत ते लोणच्याला जड झाले. मग त्यांनी परतभेट दिली. तिथे संपलं होतं.”

“पण वाडगा त्यांचा होता ना. तो परत कसा द्यायचा?”

“धुऊन, पुसून, आभार मानून.”

“रिकामा?”

“रिकामाच.”

“आमच्यात रिकामं भांडं देत नाहीत हो.”

“आमच्यात भेट घेऊन गप्प बसत नाहीत,” निशिदाबाई म्हणाल्या. मग हसू आवरून त्यांनी चष्मा परत चढवला. “त्यांना वाटत असणार, ही बाई थांबली की मी थांबेन. आणि तुम्हाला?”

मला थांबायचंच नव्हतं.

“त्यांची मुलगी आली आहे ओसाकाहून,” त्या हळू आवाजात पुढे म्हणाल्या. “हात मोडल्यावर आता आईला एकटं ठेवायचं नाही म्हणते. घेऊनच जाणार, असं ऐकलं.”

घरी येताना बर्फातून मी कशी चालले ते माझं मला माहीत. एका म्हाताऱ्या बाईला मी महिनोन् महिने पळवलं होतं. तिचा हात माझ्यापायी मोडला, आणि आता तिचं घरही माझ्यापायी सुटणार. शेजारधर्म म्हणून मी ज्याची शेखी मिरवत होते तो तिच्या जिवाला घोर झाला होता. मी आले, ओट्यावर वाडगा बघितला आणि रडले.

हे आले ते बूट काढता काढताच म्हणाले, “काय झालं? इचलकरंजीहून काही फोन आला का?”

मी सगळं सांगितलं.

“मग दे की रिकामा. त्यात काय एवढं?”

“उद्या भोगी, परवा संक्रांत. आणि रिकामं भांडं देऊ दारात जाऊन?”

“माला,” हे एकदम गंभीर झाले, “म्हातारीचा हात मोडलाय. तुझ्या रिकाम्या भांड्यानं तिचं काही वाईट व्हायचं नाही. झालं तर भरल्यानंच झालंय आत्तापर्यंत.”

खरं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडगा धुतला, मऊ फडक्याने पुसला. राहवेना म्हणून साखरेच्या डब्यात हात घातला, चिमूट उचलली, आणि परत डब्यात टाकली. चिमूटभर साखरेची परतभेट म्हणून ती बाई प्लास्टरच्या हाताने कुठवर जाईल याचा काही नेम नव्हता. वाडगा त्यांच्याच रेशमी फडक्यात बांधला आणि निघाले. जाऊन, वाकून, आभार मानून, रिकामा वाडगा हातात द्यायचा आणि त्यांना मोकळं करायचं, असं ठरवलं होतं. त्यानंतर माझ्या दाराची घंटा वाजणार नव्हती, हे मला पुरतं ठाऊक होतं.

दार त्यांच्या मुलीने उघडलं. चाळिशी उलटलेली, केस आखूड कापलेले, आईसारखंच लांबट नाक. हारुए नाव होतं तिचं. मागे पायरीवर त्सुजीसान गुडघे टेकून बसलेल्या होत्या आणि भिंतीशी एक मोठी बॅग भरून ठेवलेली होती.

हारुएने माझ्या हातातलं गाठोडं बघितलं आणि तिचे खांदेच पडले. “पुन्हा?” असं तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिने पटकन वाकून माफी मागितली.

“हारुए,” त्सुजीसान म्हणाल्या.

“आई, मला बोलू दे. नाहीतर हे कधीच संपायचं नाही.” ती माझ्याकडे वळली. “पोवारसान, तुम्हाला दोष नाही. पण मी चार दिवस आईला म्हणतेय, माझ्याकडे चल. ती म्हणते, शेजारणीची परतभेट राहिलीय, ती दिल्याशिवाय गाव सोडता येत नाही. ठीक आहे म्हटलं. तिने मोडक्या हाताने जाऊन स्ट्रॉबेऱ्या आणल्या. आता चल म्हटलं, तर म्हणते, वाडगा तिकडे आहे, तो काहीतरी घेऊन येईल, मग त्याची परतभेट राहील.”

“येतोच तो काहीतरी घेऊन,” त्सुजीसान शांतपणे म्हणाल्या.

“वडील गेल्यापासून आई घराबाहेर पडत नव्हती,” हारुए म्हणाली. “भाजीसुद्धा फोन करून मागवायची. मी आले की पडदे ओढलेले. आणि हल्ली बर्फातून बसने शहरात जाते, कशासाठी, तर चकलीच्या बदल्यात काय चांगलं दिसेल ते बघायला. मला आनंद होतो आणि भीतीही वाटते. पण आता हाड मोडलंय. आज तुम्ही जे आणलं असेल त्याची परतभेट मी ओसाकाहून पाठवीन. म्हणजे आईचं काही राहणार नाही.”

“आपलं देणं दुसऱ्याने दिलेलं चालत नाही,” त्सुजीसान म्हणाल्या. त्या मुलीकडे बघत नव्हत्या. माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघत होत्या.

मी वाकले, घोकून आलेलं वाक्य म्हटलं आणि गाठ सोडून वाडगा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी आत बघितलं. काळ्या लाखेचा स्वच्छ तळ होता, बाकी काही नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, तिथे ते कधी जातच नाही, पण त्यामागचं माणूस एका क्षणात थकून गेलेलं मला दिसलं. त्यांनी डावा हात पुढे केला, वाडगा घेतला आणि मांडीवर ठेवला.

“तुम्हाला उगाच तसदी झाली,” त्या म्हणाल्या. “बराच काळ झाली.”

हारुएने मोठा श्वास सोडला. “चला, आता मिटलं सगळं,” ती म्हणाली आणि बॅगेकडे वळली.

तेव्हा मला लख्ख कळलं. निशिदाबाईंना सगळा गाव कळत होता, पण ही बाई कळली नव्हती. ही थांबायची वाट बघतच नव्हती. त्या वाडग्यावर तिचं घर टिकून होतं, आणि तो मी माझ्या हाताने घासूनपुसून कोरा करून आणला होता.

मी काय करतेय हे मला कळायच्या आत मी ओणवी झाले आणि त्यांच्या मांडीवरचा वाडगा उचलून परत घेतला. दिलेली वस्तू हातातून काढून घेणं इचलकरंजीतही कोणी खपवून घेत नाही, मग तिथलं तर विचारूच नका. हारुए थिजून बघत राहिली.

“तीळ आहेत का घरात?” मी विचारलं.

“तीळ?” त्सुजीसान म्हणाल्या.

“उद्या आमचा सण आहे. तिळाचे लाडू करायचेत, आणि माझ्याकडे तीळ नाहीत. वाडगाभर द्या.”

माझ्याकडे तीळ होते. चांगले पांढरेशुभ्र, सासूबाईंनी पार्सलने पाठवलेले. आणि शेजाऱ्याच्या दारात जाऊन वस्तू मागायची नसते, एवढं मला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं होतं. पण दिलेल्या वस्तूची परतफेड होते, तर उसन्याचीही होणारच, एवढंच मला त्या वेळी सुचलं.

त्सुजीसानांनी भिंतीला हात टेकला आणि त्या उठल्या.

“हारुए, वरच्या फळीवरचा निळा डबा काढ.”

“आई, बस अकराची…”

“माझा हात पोचत नाही, म्हणून सांगतेय. आणि पोवारसान, दारात का उभ्या? वर या.”

इतक्या महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा घरात घेतलं. मी पायताण काढलं, या वेळी नीट जागच्या जागी ठेवलं, आणि आत गेले. डब्यात तीळ निघाले ते काळे कुळकुळीत. आमच्यात काळे तीळ श्राद्धाला लागतात, सणाच्या लाडवांत घातले तर सासूबाई उभ्या उभ्या मला माहेरी धाडतील. मी एक शब्दही बोलले नाही. त्सुजीसानांनी डाव्या हाताने वाडगा भरला, वर हळूच थापटून आणखी दोन मुठी घातल्या.

“आधी भाजा. आच मंद ठेवा,” त्या म्हणाल्या. मग वाडगा माझ्या हातात देताना त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. “आणि हे उसने आहेत हं. मला परत पाहिजेत.”

हारुएच्या हातात डब्याचं झाकण तसंच राहिलं. असलं वाक्य तिने आईच्या तोंडून जन्मात ऐकलं नसणार.

“परत देईन,” मी म्हटलं. “पण सगळे एकदम नाही जमायचं.”

“घाई नाही,” त्सुजीसान म्हणाल्या.

त्या दिवशी अकराची बस कोणीच पकडली नाही. मी घरी येऊन तीळ मंद आचेवर भाजले, गुळाऐवजी तिथे मिळणारी काळी साखर घेऊन पाक केला, आणि लाडू वळले. हे संध्याकाळी आले, ताटातला काळा लाडू बघून म्हणाले, “काय गं हे? कोणाचं श्राद्ध घातलंस?” मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत लाडू खात राहिले, आणि तिसऱ्याला हात घातल्यावर म्हणाले, “चांगलं केलंस.”

संक्रांतीच्या सकाळी मी त्या लाडवांनी भरलेला वाडगा घेऊन गेले. उसन्यापैकी अर्धेअधिक तीळ मी मुद्दाम घरीच ठेवले होते. हारुए दारातच भेटली. अंगात कोट, पायात बूट, हातात बॅग. बॅग कालच्यापेक्षा लहान होती.

“मी निघाले,” ती म्हणाली. “आई राहतेय. हाड जुळेपर्यंत रोज मदतीला एक बाई येईल, ते पटवलं मी तिला. दर शनिवारी मी फोन करीन.”

मी मान डोलावली. ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

“पोवारसान, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पांढऱ्या तिळाची बरणी आहे. इथून दिसते.”

माझे कान तापले. “हो.”

“कुणाच्या दारात जाऊन असं मागणं, दिलेली वस्तू हातातून ओढून घेणं, हे आमच्याकडे फार वाईट समजतात. तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं,” मी म्हटलं.

हारुएने बॅग बर्फात ठेवली. दोन्ही हात मांड्यांवर टेकले आणि ती इतकी खाली वाकली की मला तिचा चेहरा दिसेना.

“कृपा करून,” ती म्हणाली, “पुढेही अशाच वाईट वागा.”

ती बसच्या रस्त्याला लागली. आतून आईने तिला जाताना बघितलं की नाही कोण जाणे, कारण तोवर त्सुजीसानांनी पायरीशी येऊन, माझ्या हातातून वाडगा घेऊन एक लाडू तोंडात टाकलाही होता. सावकाश चावत, डोळे मिटून त्या तिथेच पायरीवर टेकल्या.

“फारच चांगला झालाय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मला तो आजही ऐकू येतो. “आता ह्याला मी काय द्यावं बरं?”